मदत हवी आहे: ‘बीज’ मागणाऱ्या उपदेशकांशी कसं बोलावं?

सर्वांना जय ख्रिस्त. वेंगुर्ल्याकडच्या एका घरगुती संगतीत (घरी जमणाऱ्या प्रार्थना गटात) शिकवलं जातंय की विश्वास खरा असेल तर आजार राहतच नाही, आणि ‘बीज’ म्हणून पैसे पेरले की दुपटीने मिळतात. आधार देतात बायबलमधल्या 3 योहान 2 चा, जिथे ‘तुझं सर्व बाबतीत बरं चालावं, तू निरोगी असावंस’ असं म्हटलंय. पण ती गायस नावाच्या मित्राला लिहिलेल्या पत्रातली सदिच्छा आहे, अभिवचन नव्हे! आपला सोबती त्रफिम याला प्रेषित पौलाने मिलेत शहरात आजारीच सोडलं (2 तीमथ्य 4:20), सहकारी तीमथ्याला पोटाच्या त्रासासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं (1 तीमथ्य 5:23). ही वचनं तिथे कोणी उघडतच नाही.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, घरात आवक नाही, तरी संगतीत दानाची पाकिटं फिरतात. एका मावशींनी उशाशी अभिषेकाच्या खोबरेलाची बाटली ठेवून मधुमेहाच्या गोळ्या सोडल्यात. त्यांना आधी डॉक्टरांकडे नेतोय, ते थांबण्यासारखं नाही.

उपदेशक मनाने प्रेमळ आहेत, म्हणून विचारतो: अक्विल्ला-प्रिस्किल्ला या जोडप्याने अपुल्लो या उपदेशकाला बाजूला घेऊन समजावलं (प्रे. कृत्ये 18:26), तसं आधी घरी बोलावं? की शिकवण उघड आहे म्हणून पौलाने केफाला (पेत्राला) त्याची चूक सर्वांसमोर सांगितली तसं (गलती 2:14)? घरी बोलायचं तर सोबत पाळक असावेत की नकोत? असा प्रसंग हाताळलेल्यांनी कृपया सांगा.