कुंड्या आत घेण्याआधी पानं उलटून बघा

शिकागोच्या ताईंनी विचारलंय, कढीपत्ता आणि मोगरा घरात कधी घ्यायचा. मी ठाण्याची, पण बहिणीकडे न्यू जर्सीला दोन हिवाळे काढलेत, म्हणून लिहिते.

बर्फाची वाट बघू नका. रात्रीचा पारा १० अंश सेल्सिअसच्या, म्हणजे तुमच्या ५० फॅरनहाइटच्या आसपास आला की दोन्ही आत घ्या. त्याआधी प्रत्येक पान उलटून बघा. बहिणीच्या मोगऱ्याच्या बेचक्यात कापसासारखा पांढरा ठिपका होता. "धूळ असेल गं" म्हणून सोडून दिला. ती रस शोषणारी कीड निघाली, पिठ्या ढेकूण, आणि नाताळापर्यंत शेजारच्या जास्वंदीवरही पोचली! लिटरभर पाण्यात चमचाभर कडुनिंबाचं तेल आणि भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब, संध्याकाळी फवारायचं, आठवड्याने पुन्हा.

आत आल्यावर कढीपत्त्याने पानं टाकली तर घाबरून पाणी वाढवू नका. थंडीत तो झोपतो, आणि ओल्या मातीत मुळं कुजतात. आमचा एक असाच लाडाने गेला.

इकडे ठाण्यात सगळा उलटा कारभार. पावसाच्या माऱ्यातून आत ओढलेल्या कुंड्या ऑक्टोबरात परत ग्रिलमध्ये जातात. माती बसून नुसता दगड झालेली असते, ती खुरप्याने मोकळी करायची, गुलाब छाटायचे. त्यातच गाद्या गच्चीवर, कपाटामागची बुरशी पुसणं आणि दिवाळीची साफसफाई. घोडबंदर रोडची धूळ पानांवरून पुसायची ती वेगळीच. काल नवऱ्याला पंखे पुसायला सांगितलेत, अजून स्टूलच शोधतोय.