भूल देण्याचा अधिकार कोणाला असावा?

धागाकर्ता (भूलतज्ज्ञ): डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षितांना स्वतंत्रपणे भूल देऊ द्यावी, या मागणीला आमच्या संघटनांनी विरोध केला की तो पोटापाण्यासाठीचा विरोध ठरवला जातो. रुग्णाला झोपवणे तुलनेने सोपे असते. पण स्वरयंत्र अचानक आवळले, श्वासाची नळी आत जाईना आणि रक्तातील ऑक्सिजन उतरू लागला, तर निर्णयाला मोजकी मिनिटे मिळतात, आणि तो रुग्णाचे हृदय, मूत्रपिंडे व चालू औषधे हे सारे ध्यानात धरून घ्यावा लागतो. ब्रिटनमध्ये अशा डॉक्टर नसलेल्या सहायकांच्या कामाचा आढावा घेणाऱ्या २०२५ च्या लेंग अहवालाने त्यांचे ‘ॲनेस्थेशिया असोसिएट’ (भूल सहयोगी) हे पदनाम बदलून त्यात ‘असिस्टंट’ हा शब्द आणण्याची शिफारस केली, ती त्यांना डॉक्टर समजून रुग्णांचा गोंधळ होऊ नये म्हणूनच.

प्रतिसाद (भूल देणारी परिचारिका): पदनामाचा मुद्दा मान्य आहे. परंतु अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याची, भूल देणाऱ्या परिचारिकांवरील डॉक्टरी देखरेखीची अट सोडण्याची मुभा राज्यांना २००१ पासून आहे आणि अनेक राज्यांनी ती घेतली आहे. डॉक्टरांनी दिलेली भूल अधिक सुरक्षित असते का, हे २०१४ च्या कॉक्रेन आढाव्याने (उपलब्ध अभ्यास एकत्र करून) तपासले, तेव्हा कोणत्याही बाजूने ठाम बोलता येईल एवढा पुरावा मिळाला नाही. मग तुमची खात्री कशाच्या बळावर आहे?

धागाकर्ता: त्यातील एकाही अभ्यासात कोणत्या रुग्णाला कोण भूल देणार, ही वाटणी यादृच्छिक (चिठ्ठी टाकून ठरवल्यासारखी) नव्हती. गुंतागुंतीचे रुग्ण कोणाच्या वाट्याला गेले, यावर असे आकडे फिरतात. त्यामुळे त्या आढाव्यातून तुमची निर्दोषताही सिद्ध होत नाही. (आमची श्रेष्ठताही नाही, हे मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवे.)

प्रतिसाद (प्रसूतितज्ज्ञ): तज्ज्ञ हाताशी आहे, असे तुम्ही दोघेही गृहीत धरता. मोझांबिकने १९८४ पासून डॉक्टर नसलेल्यांना शस्त्रक्रियेचे प्रशिक्षण दिले आणि तेथील जिल्हा रुग्णालयांतील सिझेरियनचा मोठा भार त्यांनीच उचलला. सुरक्षित शस्त्रक्रिया व भूल जगातील सुमारे ५ अब्ज लोकांच्या आवाक्याबाहेर असल्याचे २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने म्हटले. अशा ठिकाणी सहायकाची तुलना तज्ज्ञाशी होत नाही, कोणीच नसण्याशी होते. पगार वाचवण्यासाठी सुसज्ज रुग्णालयाने हाच युक्तिवाद पुढे करणे मात्र मला लबाडीचे वाटते.

धागाकर्ता: याला माझी हरकत नाही. सुसज्ज रुग्णालयापुरते बोलायचे, तर एका भूलतज्ज्ञाने एकाच वेळी दोनपेक्षा अधिक शस्त्रक्रिया-टेबलांची देखरेख करू नये, असे माझे मत आहे.

प्रतिसाद (भूल देणारी परिचारिका): आणि तो भूलतज्ज्ञ हाकेच्या अंतरावर असावा, फोनवर नव्हे.