लेकीला सातवा महिना आहे, गाडीत बेल्ट लावावा का?

कृष्णाकाठ:
पुण्यात डोहाळजेवण उरकलं की लेकीला बाळंतपणासाठी कराडला आणायचंय. जावईबापूंची गाडी नवी, सहा एअरबॅगची. ते म्हणतात बेल्ट लावायचाच. जाऊबाई म्हणतात, पोटावर पट्टा आवळला आणि करकचून ब्रेक लागला तर बाळाला इजा होईल, मागे आडवी होऊन येऊ दे, एअरबॅगा आहेतच की. वाटेत खंबाटकी घाट, रस्त्याची कामं. माझ्या जिवाला घोर लागलाय. आणि बाळ झाल्यावर परत जाताना तिनं त्याला मांडीवर घेऊन पुढे बसलं तर चालेल का?

डेंटिंगवाला:
ताई, जावईबापूंचं ऐका. साताऱ्यात माझं गॅरेज आहे, ठोकलेल्या गाड्या बॉडीकामाला येतात. कुणी बेल्ट लावला होता हे पुढच्या पट्ट्यावरून बहुतेक वेळा कळतं. लावलेला असेल तर तो बाहेरच अडकून लोंबत राहतो, नसेल तर खांबाला घट्ट बसलेला असतो. मागच्यांनी लावला नसेल तर पुढच्या सीटची पाठ वाकलेली दिसते. मागचा माणूस त्या पाठीवर आदळलेला असतो, म्हणजे पुढे बसलेल्यालाही त्याचा मार.

सहा एअरबॅगा म्हणजे काय ते नीट समजून घ्या. दोन पुढच्यांच्या समोर, दोन पुढच्या सीटच्या कडेला, दोन खिडक्यांवर पडद्यासारख्या. मागे बसणाऱ्याच्या समोर एकही नाही! तिथं समोरून धडक झाली तर बेल्टच काय तो आधार. आडवं झोपलं की तोही गेला. 4 सप्टेंबर 2022 ला पालघरमधल्या चारोटीजवळ सायरस मिस्त्रींची गाडी पुलाच्या कठड्याला धडकली, ती काय साधी गाडी होती? मागच्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते, ते गेले. पुढचे दोघे जबर जखमी झाले, पण वाचले.

एअरबॅग पापणी लवायच्या आत फुगते आणि लगेच बसायला लागते. बेल्टनं धरलेल्या माणसासाठीच ती बनवलीय. बेल्ट नसेल तर माणूस ब्रेकलाच पुढे घसरतो आणि ती फुगत असताना तिच्यावर जाऊन पडतो.

लेबररूम:
मी प्रसूती विभागात परिचारिका आहे. काकू, खालचा पट्टा पोटावरून घ्यायचाच नाही. पोटाच्या खाली, मांड्यांच्या वर, कमरेच्या हाडांवर सपाट बसवायचा. वरचा खांद्यावरून, दोन्ही स्तनांच्या मधून, पोटाच्या बाजूनं खाली. काखेतून किंवा पाठीमागून अजिबात नको. जाड स्वेटर, शाल बेल्टच्या आत नको, पट्टा सैल राहतो. असा बसला की धक्का हाडं झेलतात. बेल्ट नसताना पोट सीटवर किंवा डॅशबोर्डवर आदळतं तेव्हाच वार (बाळाला पोसणारी, गर्भाशयाला चिकटलेली) सुटायची भीती जास्त.

पुढे बसलीच तर सीट होईल तेवढी मागे सरकवा, पाय डॅशबोर्डवर नकोत. दीड-दोन तासांनी थांबून चार पावलं चालू द्या. आणि गाडीला नुसता धक्का बसला, तिला काही दुखत नसलं, तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आतला रक्तस्राव बाहेरून दिसत नाही.

डेंटिंगवाला:
बाळाचं राहिलंच. मांडीवर नको, पुढे तर नकोच नको. धडकेत कुणाच्याही हातात बाळ राहत नाही, आणि पुढे एअरबॅग त्याच्यावरच फुटते. बाळाची वेगळी कारसीट मिळते, ती मागच्या सीटवर, बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला येईल अशी बसवायची. नव्या गाडीत त्यासाठी आयसोफिक्सची कडी असते, ती बघून घ्या. बारशाला सोन्याचं वळं देण्याआधी आजी-आजोबांनी ही सीट द्यावी असं मला मनापासून वाटतं.

अजून एक. नव्या गाडीला लोक हौसेनं जाड सीटकव्हर शिवून घेतात. कडेची एअरबॅग सीटमधूनच बाहेर येते, तिथली शिवण बंद झाली तर ती अडते. आणि डॅशबोर्डवर एअरबॅगच्या झाकणावर बाप्पाची मूर्ती चिकटवली असेल तर बाजूला बसवा, फुटली की ती थेट तोंडावर येते.

कृष्णाकाठ:
दोघांचेही आभार, जाऊबाईंना सगळं वाचून दाखवलं. बाप्पा झाकणावरच आहेत, जावईबापूंना फोन करते. भाच्याची वापरलेली कारसीट पडून आहे, ती चालेल?

डेंटिंगवाला:
ती सीट कधी अपघातातल्या गाडीत होती का, आधी विचारा. असेल तर नको. नसेल तर मागे मुदतीचं साल छापलेलं असतं ते बघा, पट्टे विरलेत का तपासा, आणि तान्ह्या बाळाच्या वजनाला चालणारी आहे का ते पाहा. मोठ्या मुलाची असेल तर उपयोग नाही.