धक्का, धसका की आघात?

म्हापशाहून : भाचीने कॉलेजच्या अंकासाठी 'मेट्रॉइड' या व्हिडिओगेम मालिकेवर लेख लिहिलाय. नायिका सॅमस. रिडली नावाच्या उडत्या राक्षसाने लहानपणी तिचे आईवडील मारलेले. १९८६च्या पहिल्या खेळात ती त्याला लोळवते, १९९४च्या 'सुपर मेट्रॉइड'मध्ये पुन्हा. आणि २०१०चा 'अदर एम', कथेत 'सुपर'च्या लगेच नंतरचा, त्यात तोच रिडली समोर आल्यावर हिचे हातपाय गळतात. क्षणभर तिच्या जागी घाबरलेली लहान मुलगी दिसते. भाची लिहिते, 'सॅमसच्या आघाताचे चित्रण विसंगत आहे.' मला तो 'आघात' खटकतोय. 'ट्रॉमा'ला दुसरं काही?

फोंड्याहून : खटकणारच. आघात म्हणजे घाव घालण्याची क्रिया. मला तर तबलाच ऐकू येतो. 'ट्रॉमा' मुळात ग्रीक, अर्थ जखम. म्हणजे घाव पडून गेल्यावर जे उरतं ते. आपण कारणाचं नाव परिणामाला चिकटवलं. 'धक्का'ही नको, तो बसतो आणि ओसरतो. मागे उरतो तो धसका.

मडगावाहून : कोंकणीतलं 'भिरांत' चालेल का?

फोंड्याहून : ती नुसती भीती हो. वाघाचीही वाटते, परीक्षेचीही.

म्हापशाहून : धसका बरा आहे. पण 'धसका घेतला' की 'धसका बसला'?

फोंड्याहून : 'बसला'च लिहायला सांगा. 'पोराने गणिताचा धसका घेतलाय' म्हणताना आपण पोरालाच थोडं बोल लावतो. आणि त्या प्रसंगाला 'घाबरली' नको, 'थिजली' हवं. डिसेंबरात खोबरेलाची बाटली सकाळी थिजते, उन्हात ठेवली की पुन्हा वाहते. तसंच ना ते? साथीदार अँथनी धावून येतो तेव्हा सॅमस भानावर येते.

चोडणहून : शब्द पटला, 'विसंगत' नाही पटलं. माझी आई लहानपणी फेरीबोटीवरून पाण्यात पडली होती. पुढे तीस वर्षं त्याच फेरीने रायबंदरला उतरून शाळेत शिकवायला गेली. निवृत्तीनंतर एका पावसाळ्यात धक्क्यावर उभी राहिली आणि पाऊल उचलेना. मागे गाड्यांचे हॉर्न. दोनदा जिंकलेल्याला तिसऱ्यांदा थिजता येत नाही असं कुठे आहे? (धक्क्यावर धसका, बघा.)

म्हापशाहून : अहो पण त्या तीस वर्षांत घरच्यांना काहीच जाणवलं नव्हतं?

चोडणहून : जाणवायचं की. कधी कठड्याजवळ उभी राहिली नाही. छत्री, पिशवी एकाच हातात, दुसरा हात कायम खांबाला. आम्ही हसायचो.

म्हापशाहून : मग तेच! आधीच्या खेळांत सॅमसचा हात एकदाही खांबाकडे जात नाही. 'सुपर'मध्ये तर सुरुवातीलाच रिडली समोर येतो आणि ती बिनदिक्कत गोळ्या झाडते. धसक्याची गोष्ट जपानी चित्रकथेत आहे म्हणे. खेळणाऱ्याने ती कुठून वाचायची?

चोडणहून : हे मान्य. म्हणजे थिजणं खोटं नाही, आधीचा खांब दाखवला नाही.

फोंड्याहून : तर मग 'विसंगत'ऐवजी 'अचानक उपटलेला' लिहा. धसका उपटत नाही, तो मुरतो. लोणच्यासारखा.

म्हापशाहून : भाचीला वाचून दाखवलं. तिने वाक्य बदललंय : 'सॅमसला बसलेला धसका खेळाने मुरू दिला नाही.' 'थिजली' ठेवलंय. लोणचं मात्र नको म्हणाली.