सायनस आणि वरच्या दाढांचं इम्प्लांट

सायनसचा त्रास असेल तर इम्प्लांट (जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर लावलेला कृत्रिम दात) विसरा, असं काही जण म्हणतात. ते सरसकट खरं नाही. प्रश्न मुख्यतः वरच्या दाढांचा. दाढ काढल्यावर तिथलं हाड झिजतं, वरची सायनसची पोकळी (गालाच्या हाडातली हवेची जागा) खाली सरकते आणि स्क्रूला पुरेसं हाड उरत नाही. मग सायनस लिफ्ट करून, म्हणजे सायनसच्या तळाचं अस्तर वर उचलून, खाली हाड भरावं लागतं. त्याआधीच्या सीबीसीटीत (जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रे स्कॅनमध्ये) फक्त हाडाची उंची मोजून थांबू नये, सायनसचं नाकात उघडणारं तोंड मोकळं आहे का हेही बघायला सांगा. ते बंद असेल तर स्राव साचून संसर्ग होतो, म्हणून आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. आणि त्रास एकाच बाजूला, घाण वासासकट असेल, तर मूळ कित्येकदा किडलेल्या दाढेतच सापडतं! शस्त्रक्रियेनंतर दोनेक आठवडे नाक जोरात शिंकरायचं नाही. शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून.