एकाच छायाचित्रात दोघांना वेगवेगळे रंग का दिसतात? (मदत हवी आहे)

नमस्कार,

स्कॉटलंडमधील एका लग्नाच्या निमित्ताने काढलेले आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये जगभर पसरलेले, लेस लावलेल्या पोशाखाचे ते छायाचित्र अनेकांना आठवत असेल. गेल्या रविवारी आमच्या घरी ते पुन्हा निघाले. ताईला पोशाख निळा-काळा दिसला, मला पांढरा-सोनेरी. प्रत्यक्षात तो निळा-काळाच होता हे मला ठाऊक आहे, तरीही मला तो पांढराच दिसतो.

आम्ही एकाच फोनवर, एकाच वेळी, शेजारी बसून पाहिल्यामुळे पडद्याचा फरक हे कारण बाद होते. दोघांचीही इशिहाराच्या ठिपक्यांची तपासणी निर्दोष आहे, म्हणजे नेहमी आढळणारा लाल-हिरव्याचा रंगांधळेपणाही नाही. (धूपछाव साडीचा दाखला कृपया देऊ नये, तिथे उभे-आडवे धागे वेगळ्या रंगांचे असल्याने कोन बदलला की डोळ्यांत येणारा प्रकाशच बदलतो.) मग एका जुन्या लग्नपत्रिकेला हरभऱ्याएवढे भोक पाडून त्यातून चित्राचा एकेक तुकडा पाहिला, तेव्हा मात्र दोघांचेही एकमत झाले: कापडाच्या जागी फिकट निळसर आणि लेसच्या जागी मातकट तपकिरी. पत्रिका बाजूला केली की भांडण पुन्हा सुरू! म्हणजे मतभेद सुट्या रंगाबद्दल नसून पूर्ण चित्राच्या अर्थाबद्दल आहे, असे मला वाटते.

वाचनातून समजले ते असे. वस्तूचा रंग ठरवताना मेंदू तिच्यावर पडलेल्या प्रकाशाची छटा वजा करतो. या छायाचित्रात प्रकाश कसा आहे हे स्पष्ट नाही, शिवाय दिवसाचा उजेड ज्या निळ्या-पिवळ्या पट्ट्यात बदलतो, नेमक्या त्याच पट्ट्यातले रंग पोशाखात आहेत. सावलीतला निळसर उजेड गृहीत धरणाऱ्याला पोशाख पांढरा-सोनेरी दिसतो, तर दिव्याचा पिवळसर उजेड गृहीत धरणाऱ्याला निळा-काळा. ‘करंट बायॉलॉजी’मध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १४०१ जणांपैकी ५७ टक्के निळ्या-काळ्याच्या, तर ३० टक्के पांढऱ्या-सोनेरीच्या बाजूने होते. याउलट जपानी मानसशास्त्रज्ञ अकियोशी किताओका यांच्या स्ट्रॉबेरीच्या चित्रात लाल रंगाचा एकही बिंदू नसताना आम्हा दोघांनाही फळे लालच दिसली. तिथे चित्रभर निळसर-हिरवी छटा उघड असल्याने कोणाचा गोंधळ होत नसावा.

इथवर पटते. अडते ते पुढे. पास्कल वॉलिश या संशोधकांनी सुमारे १३,००० जणांच्या उत्तरांवरून २०१७ मध्ये असे मांडले, की पहाटे उठणाऱ्यांना पोशाख पांढरा-सोनेरी दिसण्याचा कल अधिक असतो, कारण त्यांचा वावर दिवसाच्या उजेडात जास्त असतो. आमच्याकडे सगळे उलटे आहे: पाचला उठून अंगण झाडते ती ताई, आणि रात्री दोनपर्यंत दिव्याखाली जागतो तो मी. सरासरीचा कल एकेका माणसाला लागू पडेलच असे नाही, हे मान्य. तरीही जाणकारांना दोन गोष्टी विचाराव्याशा वाटतात.

पहिली, एकाच घरात, एकाच उजेडात वाढलेल्या भावंडांची प्रकाशाबद्दलची गृहीतके इतकी वेगळी कशामुळे होतात? दुसरी, ताईचा मेंदू कोणता प्रकाश गृहीत धरतो हे पोशाखाचे चित्र न दाखवता, घरच्या घरी तपासता येईल असा एखादा प्रयोग कोणी सुचवू शकेल का? रंगीत जिलेटीन कागद, टेबललॅम्प आणि पांढरा कार्डशीट एवढे साहित्य हाताशी आहे.