आई पहाटे उठताना पडते, काय करू?

प्रश्न: आई 78 वर्षांची, साताऱ्याला एकटी असते. दोन महिन्यांत दोनदा पडली, दोन्ही वेळा पहाटे लघवीला उठताना. हाड वाचलं, पण आता ती संध्याकाळनंतर पाणीच पीत नाही. मी पुण्यात, जीव टांगणीला लागलेला असतो.

उत्तर: पाणी तोडू देऊ नका, त्यानं चक्कर वाढते. बीपीची गोळी चालू आहे का? आधी झोपलेलं असताना, मग उभं राहिल्यावर एक आणि तीन मिनिटांनी बीपी मोजा. वरचा आकडा 20 किंवा जास्त उतरला तर डॉक्टरांना दाखवा. गोळी मात्र आपल्या मनानं बंद करू नका. उठल्यावर पाय खाली सोडून दोन मिनिटं कॉटवरच बसायला सांगा.

उत्तर: आमच्या बाबांनी तोल सावरायला टॉवेलचा दांडा धरला आणि दांड्यासकट खाली आले. खुब्याचं ऑपरेशन करावं लागलं. कमोडशेजारी स्टीलचा जाड हँडल पक्का भिंतीत ठोकून घ्या, चिकटवायचा नको. कॉटपासून बाथरूमपर्यंत रात्रभर दिवा ठेवा.

प्रश्न विचारणारी: शनिवारी जाऊन मोजलं. झोपून 142, उभी राहिल्यावर 116! सोमवारी डॉक्टरांकडे नेतेय. हँडल कालच बसवला.